जनरल जॉर्ज मार्शल : महाविद्यालयातून सेनापतिपदाकडे

शालान्त परीक्षा आटोपली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांपुढे पुढील आयुष्याचा प्रश्न उभा राहतो. कोणी वैद्यकाकडे वळतो, कोणी स्थापत्यशास्त्राकडे, कोणी वडिलांच्या व्यवसायात शिरतो. आणि दरवर्षी काही थोडे विद्यार्थी असे निघतात की, ज्यांचे मन सैन्याकडे ओढ घेते. ह्यांपैकी बहुतेकांची अशी समजूत असते की, लष्करी अधिकाऱ्याचे पद मिळवण्यास दरवाजा एकच आहे, आणि कोवळ्या वयात त्या एका मोठ्या प्रबोधिनीत प्रवेश मिळाला नाही तर तो कायमचा बंद होतो. ही समजूत किती चुकीची आहे हे दाखवणारे एक चरित्र आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो. ज्या पुरुषाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे 80 लक्षांहून मोठे सैन्य उभे केले, तो त्या देशाच्या विख्यात वेस्ट पॉइंट प्रबोधिनीचा विद्यार्थी नव्हता. एका प्रांतिक महाविद्यालयातून पदवी घेऊन तो सैन्यात शिरला होता. त्याचे नाव जॉर्ज कॅटलेट मार्शल.

मार्शल यांचा जन्म 31 डिसेंबर 1880 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानात युनियनटाउन ह्या लहानशा गावी झाला. वडिलांचा कोळशाचा धंदा होता. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच वडिलांनी बराचसा पैसा व्हर्जिनियातील जमिनींच्या सट्ट्यात गुंतवला व तो बुडाला. त्यामुळे घरी ओढगस्त आली. शाळेत जॉर्जची कीर्ती फारशी चांगली नव्हती. इतिहासाखेरीज कोणत्याही विषयात त्याचे डोके चालत नसे, आणि वर्गात प्रश्न विचारला म्हणजे तो लाजेने गोंधळून जाई. आमच्या वर्गांतूनही असे विद्यार्थी असतात. त्यांच्याविषयी घाईने मत बनवू नये, एवढा बोध शिक्षकांनीही ह्या चरित्रावरून घ्यावा.

सैन्यात जाण्याची इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली तेव्हा वेस्ट पॉइंटचा मार्ग त्याला मोकळा नव्हता. त्या प्रबोधिनीत प्रवेश मिळण्यास आपल्या भागातील लोकप्रतिनिधीची शिफारस लागे. ते प्रतिनिधी रिपब्लिकन पक्षाचे, आणि जॉर्जचे वडील डेमोक्रॅटिक पक्षाचे. तेव्हा शिफारशीची आशा नव्हती. म्हणून त्याने व्हर्जिनिया संस्थानातील लेक्झिंग्टन येथील लष्करी महाविद्यालयात जाण्याचे ठरवले. त्याचा थोरला भाऊ स्टुअर्ट तेथेच शिकला होता. एके दिवशी स्टुअर्ट आईजवळ विनवणी करीत होता की जॉर्जला तेथे पाठवू नये, तो कुळाच्या नावाला काळिमा लावील. हे बोलणे शेजारच्या खोलीत जॉर्जच्या कानांवर पडले. त्याने उलट उत्तर केले नाही, रुसवाही धरला नाही. मात्र भावाच्या पुढे जाऊन दाखवीनच, अशी खूणगाठ त्याने मनाशी बांधली. शिक्षकांच्या उपदेशापेक्षा ह्या एका प्रसंगाने आपल्याला अधिक पुढे ढकलले, असे त्यांनी उतारवयात सांगितले आहे.

हे महाविद्यालय 1839 साली स्थापन झाले. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. तेथील विद्यार्थी गणवेष घालतात, बराकीत राहतात, कवायत करतात व बिगुलाच्या सुरावर उठतात-निजतात. परंतु त्याबरोबरच ते इतर महाविद्यालयांप्रमाणे पदवीचा अभ्यासक्रमही पुरा करतात. मार्शल यांच्या काळी पदवी घेतलेल्यांपैकी बहुतेक जण इंजिनिअर, वकील, शिक्षक अथवा व्यापारी होत. सैन्यात जाणारे थोडेच असत. नागरिकाला लष्करी शिस्तीची ओळख असावी, आणि प्रसंग पडल्यास त्याने अधिकाऱ्याचे काम अंगावर घ्यावे, हा त्यामागील विचार. 1864 साली अमेरिकेतील यादवी युद्धात न्यू मार्केटच्या लढाईत ह्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी लढले व त्यांपैकी दहा जण प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी हजेरी घेताना त्या दहा जणांची नावे पुकारली जातात, आणि प्रत्येक नावाला त्यांच्या वतीने दुसरा विद्यार्थी उत्तर देतो. सोळा वर्षांच्या जॉर्जने सप्टेंबर 1897 मध्ये तेथे पाऊल टाकले.

आरंभ कठीण होता. तो नुकताच विषमज्वरातून उठला होता. जुने विद्यार्थी नव्यांचा छळ करीत, ही तेथील वाईट चाल होती. त्यांनी त्याला जमिनीत रोवलेल्या संगिनीच्या टोकावर उकिडवे बसण्याची आज्ञा केली. अशक्तपणामुळे त्याचा तोल गेला आणि त्याला जखम झाली. त्याने कोणाचेही नाव वरिष्ठांना सांगितले नाही. पुढे ह्या मुलाची छेड कोणी काढली नाही. अशा छळाचे आम्ही समर्थन करीत नाही. तो आमच्या देशात कायद्याने गुन्हा आहे, व त्याची वाच्यता करणे हेच आमच्या विद्यार्थ्यांचे कर्तव्य आहे. आम्ही येथे त्या मुलाच्या मनोनिग्रहाकडे तेवढे लक्ष वेधतो. पुस्तकी विद्येत तो मध्यमच राहिला. 1901 साली पदवी घेतली तेव्हा 34 विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक पंधरावा होता. परंतु शिस्तीच्या बाबतीत चार वर्षांत त्याच्या नावावर एकही दोष नोंदला गेला नाही, आणि प्रतिवर्षी पायरी चढत चढत शेवटच्या वर्षी तो सर्व कॅडेटांचा पहिला कॅप्टन झाला.

पदवी हाती आली, पण सैन्यातील नेमणूक अजून दूर होती. त्या काळी महाविद्यालयातून अधिकारी घेण्याची नियमित पद्धत नव्हती. त्याच वर्षी काँग्रेसने सैन्य वाढवण्याचा कायदा केला होता. त्यामुळे काही जागा निघाल्या व त्या परीक्षा घेऊन भरायच्या होत्या; परंतु परीक्षेस बसण्याची परवानगी मिळवणे हेच अवघड होते. वडिलांनी व महाविद्यालयाच्या प्रमुखांनी पत्रे लिहिली. वीस वर्षांचा मार्शल स्वतः वॉशिंग्टनला गेला, आणि भेटीची वेळ ठरलेली नसताना राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या निवासस्थानी जाऊन बसला. द्वारपालाने भेट होणार नाही असे बजावले. भेटीस आलेले लोक एकामागून एक आत जाऊन परतत होते. शेवटी एक गृहस्थ आपल्या मुलीसह आत जाऊ लागले, तेव्हा हाही त्यांच्या पाठोपाठ आत शिरला. ते दोघे निघून गेल्यावर राष्ट्राध्यक्षांनी त्याला येण्याचे कारण विचारले, आणि त्याने आपले म्हणणे थोडक्यात मांडले. परीक्षेची परवानगी मिळाली. सप्टेंबरमध्ये तो परीक्षा उत्तीर्ण झाला. वयाची 21 वर्षे पुरी होण्यास काही महिने अवकाश होता. तेवढा काळ त्याने डॅनव्हिल येथील एका लष्करी शाळेत मुलांना शिकवण्यात घालवला. 1902 च्या फेब्रुवारीत तो पायदळात सेकंड लेफ्टनंट झाला.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणास वाटेल की, आता यशाचा रस्ता सरळ झाला. वस्तुस्थिती उलट होती. शांततेच्या काळातील सैन्यात बढती फार सावकाश मिळते. मार्शल यांना कॅप्टन होण्यास 14 वर्षे लागली. फिलिपाइन्स बेटांतील मिंडोरोवर तरुण लेफ्टनंट असताना त्यांच्या ठाण्यात पटकीची साथ आली. पाणी उकळून पिणे व भांडी स्वच्छ धुणे ह्यांवर शिपायांचे प्राण अवलंबून आहेत हे त्यांनी तेथे पाहिले. 1906 साली ते लेव्हनवर्थ येथील लष्करी विद्यालयात गेले. ज्या विद्यार्थ्याचा महाविद्यालयात पंधरावा क्रमांक होता, त्याने येथे रात्रीचा दिवस करून पहिला क्रमांक मिळवला. महाविद्यालयाने त्यांना शिस्त दिली होती. विद्या त्यांनी पुढे स्वकष्टाने मिळवली.

पहिल्या महायुद्धात 1917 साली ते अमेरिकेच्या पहिल्या डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेले. सरसेनापती पर्शिंग एके दिवशी पाहणीस आले असता त्यांनी सर्वांदेखत डिव्हिजनच्या प्रमुखांना दोष दिला. तो दोष मार्शल यांना अन्यायाचा वाटला. पर्शिंग निघाले असता मार्शल यांनी त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना थांबवले, आणि उणिवा कशामुळे राहिल्या, वरून काय मिळाले नाही, हे सारे तेथल्या तेथे स्पष्टपणे सांगितले. मार्शल यांची नोकरी आता संपली असे सोबत्यांना वाटले. परंतु पर्शिंग यांनी राग धरला नाही. उलट, खरी हकिकत हवी असली म्हणजे ते ह्याच अधिकाऱ्याला बाजूला घेऊन विचारू लागले. वरिष्ठांना रुचेल ते न सांगता खरे ते सांगावे, आणि सांगून झाल्यावर आज्ञा मनापासून पाळावी, हा मार्शल यांचा जन्मभराचा नियम झाला. 1918 च्या शरद ऋतूत सेंट मिहिएल येथून म्यूज-आर्गॉन आघाडीकडे प्रचंड सैन्य रात्रीच्या अंधारात अवघ्या दोन आठवड्यांत हलवण्याची योजना त्यांनीच आखली, आणि कुशल योजक म्हणून त्यांची ख्याती झाली. तथापि युद्ध संपताच त्यांचे तात्पुरते कर्नलपद गेले व 1920 साली ते मेजर झाले.

ह्याच सुमारास अमेरिकेत एक नवी संस्था वाढीस लागत होती. 1862 साली लिंकन यांच्या कारकिर्दीत झालेल्या मॉरिल कायद्याने कृषी व यांत्रिक शिक्षणाच्या महाविद्यालयांना सरकारी जमिनी मिळाल्या होत्या, आणि त्या बदल्यात लष्करी शिक्षण देण्याचे बंधन त्यांवर होते. परंतु ते शिक्षण विस्कळीत होते. 3 जून 1916 च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने त्याला एकसूत्र रूप दिले व राखीव अधिकारी प्रशिक्षण दल निर्माण झाले. त्याची रीत अशी : विद्यार्थी आपल्या पदवीच्या अभ्यासाबरोबरच लष्करी विषय शिकतो; पहिली दोन वर्षे प्राथमिक व पुढची दोन वरिष्ठ अभ्यासक्रमाची. वरिष्ठ अभ्यासक्रमासाठी पारखून विद्यार्थी घेतात, त्यांना काही भत्ता देतात व उन्हाळ्यात छावणीवर नेतात. हे सर्व पुरे करून पदवी घेणारा विद्यार्थी राखीव सैन्यात सेकंड लेफ्टनंट होतो; मग तो शेतकरी असो वा वकील, राष्ट्राने हाक दिली म्हणजे त्याने यावे. मार्शल यांना 1901 साली जो दरवाजा द्वारपालाला चुकवून उघडावा लागला, तो आता हजारो विद्यार्थ्यांसाठी रीतसर उघडला गेला. 1916 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात माँटेरे येथे नागरिकांसाठी भरलेल्या लष्करी छावणीत मार्शल यांनी काम केले होते, आणि सुशिक्षित नागरिक किती लवकर शिकतात हे त्यांना तेव्हाच दिसून आले होते.

1927 साली त्यांच्या पत्नी लिली वारल्या. दुःख विसरण्यास काम हाच उपाय होता. ते काम त्यांना जॉर्जिया संस्थानातील फोर्ट बेनिंग येथील पायदळाच्या विद्यालयात मिळाले. पाच वर्षे त्यांनी तेथील अध्यापनाची सूत्रे चालवली. लांबलचक लेखी आज्ञा त्यांनी बंद केल्या. व्याख्यान कागदावरून वाचू नये, असा नियम केला. नकाशे अपुरे असताना आणि बातमी अर्धवट असताना निर्णय कसा घ्यावा, ह्याचा सराव विद्यार्थ्यांना दिला, कारण युद्धात पूर्ण माहिती कधीच हाती नसते. विद्यार्थ्याचे उत्तर ठरावीक उत्तराहून निराळे असले तरी, त्यात अर्थ असेल तर ते सर्व वर्गापुढे ठेवले जाई. ब्रॅडली व स्टिलवेल हे तेथे शिक्षक होते, रिजवे विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धातील किती तरी सेनानी ह्या पाच वर्षांत त्या आवारातून गेले.

त्यानंतरही मार्शल यांची उपेक्षाच झाली. 1933 साली बेकार तरुणांच्या वनरक्षण छावण्या उभारण्याचे काम त्यांनी आवडीने केले; ह्या छावण्यांवर महाविद्यालयीन प्रशिक्षणातून आलेले अनेक राखीव अधिकारी नेमले जात असत. त्याच वर्षी त्यांना शिकागो येथे इलिनॉयच्या नागरी सैन्याचे शिक्षक म्हणून पाठवण्यात आले. वय 52, पद कर्नलचे. आता निवृत्तीच तेवढी उरली असे त्यांना वाटले. परंतु आठवड्याभराची नोकरी सांभाळून कवायतीस येणाऱ्या त्या कारकुनांना व दुकानदारांना त्यांनी मनापासून शिकवले. ब्रिगेडियर जनरलचे पद 1936 साली मिळाले. 1 सप्टेंबर 1939 रोजी, ज्या दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या त्याच दिवशी, त्यांनी अमेरिकेच्या सैन्यप्रमुखपदाची शपथ घेतली.

त्या वेळी अमेरिकेचे खडे सैन्य दोन लक्षांहूनही कमी होते, आणि कायम अधिकारी सुमारे 14 हजार. शिपाई भरती करता येतो, बंदुका कारखान्यात होतात. पण अधिकारी एका रात्रीत घडत नाही. येथेच महाविद्यालयांतून वीस-पंचवीस वर्षे शांतपणे चाललेले काम फळास आले. राखीव अधिकाऱ्यांना बोलावणे गेले, आणि प्राध्यापक, इंजिनिअर, शेतकरी आपापली कामे सोडून आले. युद्धकाळात अशा महाविद्यालयीन प्रशिक्षणातून आलेल्या अधिकाऱ्यांची संख्या 1 लक्षाहून अधिक झाली. त्यांच्यावाचून सैन्याची पहिली जमवाजमव होणेच शक्य नव्हते, असा निर्वाळा मार्शल यांनी नंतर दिला. परंतु एवढ्याने भागण्यासारखे नव्हते. म्हणून 1941 साली त्यांनी अधिकारी-उमेदवारांच्या शाळा उघडल्या. त्यांचा कटाक्ष असा की, उमेदवाराने आधी साधा शिपाई म्हणून राहून दाखवावे, व योग्यता दिसल्यावरच त्यास शाळेत पाठवावे. श्रीमंती किंवा ओळख पाहू नये. सैन्यात गोऱ्या व काळ्या शिपायांच्या पलटणी त्या वेळी वेगळ्या होत्या, हा अमेरिकेवरील डाग होता; तरी ह्या शाळांतून दोन्ही वर्णांचे उमेदवार एकाच वर्गात बसून शिकले.

ओळख पाहू नये हा नियम मार्शल यांनी स्वतःच्या घरीही पाळला. 1930 साली त्यांनी कॅथरिन ब्राउन ह्या विधवेशी विवाह केला होता. तिचा धाकटा मुलगा ॲलन ह्याच्यावर त्यांचे पोटच्या मुलासारखे प्रेम होते. ॲलन साधा शिपाई म्हणून भरती झाला, उमेदवारांच्या शाळेतून उत्तीर्ण होऊन रणगाड्यांच्या दलात लेफ्टनंट झाला, आणि 1944 च्या मे महिन्यात इटलीत मारला गेला. लक्षावधी मुलांना रणांगणावर धाडणाऱ्या ह्या पुरुषाने ती बातमी स्वतः पत्नीला जाऊन सांगितली. पुढच्याच महिन्यात इटलीस गेले असता ते त्याच्या थडग्यापाशी जाऊन आले. सैन्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने गणवेषाचा रुबाब पाहण्याआधी हे थडगे पाहावे, असे आम्हांस वाटते. खांद्यावरील प्रत्येक ताऱ्याबरोबर दुसऱ्यांच्या मुलांचे प्राण आपल्या हाती सोपवलेले असतात.

युरोपवरील स्वारीचे सेनापतिपद मार्शल यांना हवे होते. मागितले असते तर मिळालेही असते. पण त्यांनी तोंडाने मागितले नाही, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना वॉशिंग्टनमध्येच ठेवून आयसेनहॉवर यांची नेमणूक केली. मार्शल यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. युद्ध संपल्यावर 1947 साली ते परराष्ट्रमंत्री झाले. त्या वर्षी जून महिन्यात हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी उद्ध्वस्त युरोपास साहाय्य करण्याची योजना मांडली. 1948 पासून चार वर्षांत सुमारे 13 अब्ज डॉलरांचे साहाय्य 16 राष्ट्रांस मिळाले. युद्धात ज्या जर्मनीशी ते लढले, तिच्या पश्चिम भागालाही त्याचा लाभ झाला. 1953 साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. सैनिकाला शांततेचे पारितोषिक कसे, असे विचारणारे पुष्कळ होते. ऑस्लो येथील समारंभात काही जणांनी सज्जातून निषेधाची पत्रकेही उधळली. मार्शल शांतपणे उभे राहिले. युद्धाची किंमत आकड्यांनी मोजण्याचे काम ज्याने वर्षानुवर्षे केले, त्याच्याइतकी शांततेची गरज कोणाला कळणार? 16 ऑक्टोबर 1959 रोजी ते वारले. अंत्यविधी साधा व्हावा, अशी सूचना त्यांनी लिहून ठेवली होती. आत्मचरित्र लिहिण्यास त्यांनी नकार दिला होता.

आता आमच्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. आमच्या देशातही सैन्याकडे जाणारे मार्ग एकाहून अधिक आहेत. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते; ती साधली नाही तर पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेना 1948 च्या कायद्याने स्थापन झाली. अमेरिकेच्या दलाप्रमाणे ती आपल्या छात्रांना आपोआप अधिकारी करीत नाही, व त्यांच्यावर सैन्यात जाण्याचे बंधनही घालत नाही. परंतु तिचे 'सी' प्रमाणपत्र ठरलेल्या श्रेणीत मिळवणाऱ्या पदवीधराला विशेष प्रवेशाच्या जागांसाठी लेखी परीक्षेवाचून थेट निवड मंडळापुढे जाता येते. तेथे मात्र कवायतीचे पदक किंवा कोणाची शिफारस उपयोगी पडत नाही. चार-पाच दिवस मनुष्याचा स्वभावच तपासला जातो.

तेव्हा एक दरवाजा बंद झाला म्हणून हताश होऊ नये. आणि दरवाजा उघडला म्हणून आपण अधिकारी झालो असेही मानू नये. मार्शल यांना नेमणूक 21 व्या वर्षी मिळाली. परंतु ज्या दिवसासाठी राष्ट्राला त्यांची गरज होती तो दिवस त्यांच्या वयाच्या 58 व्या वर्षी उजाडला. मधली सारी वर्षे ते शिकत व शिकवीत राहिले. ही तयारी कोणत्याही एका प्रबोधिनीच्या भिंतींत कोंडलेली नाही. ती आमच्या शाळेच्या साध्या वर्गातही आरंभता येते.